डबलरोटीची कुंडली

पाव खाल्ल्याने प्रकृती बिघडते, याविषयी आमच्या अमरावतीत कधीच दुमत नव्हते. मतभेद होते ते का बिघडते, एवढ्यापुरते. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत मी पावाविरुद्ध निदान पाच कारणे ऐकली. पहिल्याने सांगितले, पाव खाल्ला की माणूस बाटतो. दुसऱ्याने सांगितले, त्याचे पीठ पायांनी तुडवतात. तिसरा म्हणाला, त्यात दारू घालतात. चौथ्याने थेट आतडी धरली : मैदा आतड्यांना चिकटतो तो वर्षानुवर्षे निघत नाही म्हणे. आणि हल्ली जो पाचवा भेटतो, तो खिशातून मोबाईल काढून एक भयंकर व्हिडिओ दाखवतो आणि मी पुरता घाबरलो अशी खात्री झाली की मगच आपल्या चहात खारी बुडवतो. कारणे बदलली, साक्षीदार बदलले, पहिले वकील तर केव्हाच देवाघरी गेले, आरोपी तोच. एकाच माणसावर दर दहा-बारा वर्षांनी नवे कलम लागत असेल तर पोलिसांच्या मनात गुन्ह्यापेक्षा माणूसच जास्त सलतो आहे, असा संशय येऊ लागतो. म्हणून म्हटले, एकदा या प्राण्याची जन्मापासून कुंडली मांडून पाहू.

प्रथम नाव-रास. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'पाव' फारसा नव्हताच; होती ती डबलरोटी. रोटी डबल का, असे लहानपणी मी आत्याला विचारले तेव्हा ती म्हणाली, "पैसे डबल घेतात म्हणून." पाव हा शब्द पोर्तुगिजांचा. सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाने 'पाव' म्हणावे, साधारण तसा त्यांच्या भाषेतला उच्चार ऐकू येतो. पण परका शब्द घरात घ्यायचा तर त्याचे गोत्र आपल्या मनाने ठरवण्याची आपल्याकडे रीत आहे. हिंदीत पाँव म्हणजे पाय. तेव्हा पायांनी तुडवतात तो पाव, असे कुणीतरी जमवून दिले आणि ते इतके फिट्ट बसले की आजही चांगली शिकली-सवरलेली माणसे ते ज्ञान म्हणून सांगतात. आता हा आरोप अगदीच आजकालचा नाही, हे कबूल. अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटस नावाचा ग्रीक गृहस्थ इजिप्तबद्दल लिहून गेला की, हे लोक चिखल हातांनी कालवतात आणि पीठ पायांनी मळतात. आमच्या आत्याने हिरोडोटस वाचलेला नव्हता. तरी दोघांचे म्हणणे जुळते, याचा अर्थ दुसऱ्याच्या स्वयंपाकघराकडे पाहण्याची नजर सगळीकडे सारखीच असते.

जन्मस्थान म्हणाल तर आपल्यापुरते गोवा. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतले आणि त्यांची पहिली पंचाईत पोटाची झाली. पीठ मिळाले, भट्टी घातली, पण पीठ फुगवायला त्यांचे किण्व कुठून आणणार? तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात माडाची सूर आली. सूर आपोआप आंबते. तिने पीठही आंबवले. गोव्याचा पोदेर पुढे पिढ्यान्‌पिढ्या सुरेवर पाव फुगवत आला. म्हणजे दारू घालतात म्हणणारा तिसरा साक्षीदार अगदी खोटे बोलत नव्हता. फक्त भट्टीतून निघेपर्यंत ती दारू उडून गेलेली असते, एवढे तो सांगत नाही. आणि सुरेऐवजी साधे किण्व घातले तरी आत घडते ते तेच : किण्व पिठातली साखर खाते, वायू सोडते, थोडा मद्यार्क करते, वायूने पीठ फुगते, मद्यार्क भट्टीत जातो. आंबणे हेच जर पाप असेल तर आंबील, इडली आणि जिलबी यांची काय वाट? जिलबीचे तर सगळेच पावाचे : तोच मैदा, तेच आंबवणे. वर तुपात तळून पाकात बुडवलेली. तरी वऱ्हाडातल्या लग्नात जिलबीची पैज लावून पाचपन्नास कडी उडवणारा पाहुणा मी पाहिला आहे. मैदा आतड्यांना चिकटेल अशी काळजी त्याच्या किंवा वाढप्याच्या चेहऱ्यावर दिसली नाही.

पाव पोटाला जड होण्याच्या आधी तो धर्माला जड झाला. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत पाणी प्यायले आणि सकाळी सगळा गाव बाटला, अशी गोष्ट गोव्यात आणि वसईकडे सांगतात. गोष्ट खरी-खोटी कशी का असेना, तिच्यातला पावाचा पराक्रम पाहा. अख्खी विहीर! हल्लीच्या कोणत्याही रसायनाला हे साधलेले नाही.

गंमत अशी की, पावाने जात जाते यावर धर्ममार्तंडांचा जितका विश्वास होता तितकाच सुधारकांचाही होता. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या स्नेह्यांनी परमहंस सभा काढली. दादोबा म्हणजे १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहून ज्यांनी पुढच्या पिढ्यांना विभक्ती पाठ करायला लावल्या, तेच. जातिभेद मोडायचा, हा सभेचा उद्देश. पण मोडला याचा पुरावा काय? तर नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. हे सारे गुपचूप. कारण बाहेर कळले तर घरी थारा नाही. कल्पना करा, एखादा सोवळ्यातला तरुण, कपाळाला घाम, हातात पावाचा तुकडा. त्या काळी तो घास गिळायला जी छाती लागत असेल ती आज आपल्याला मिसळीबरोबर चार पाव हाणताना लागत नाही. सभा दहा-अकरा वर्षे चालली. १८६० च्या सुमारास कुणीतरी सभासदांची यादीच पळवली, नावे फुटायची वेळ आली आणि सभा संपली. पाव पचला नाही म्हणून एकही सभासद दगावल्याची नोंद नाही. घात केला तो यादीने. पुढे १८६७ साली प्रार्थना समाज निघाला त्यात जुने परमहंसी होतेच. पण तिथे पाव खाण्याची अट नव्हती. अनुभवाने माणूस शहाणा होतो.

पुण्याचे प्रकरण तर जगजाहीर आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी जमली, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली आणि गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून दिली. नावे साधी नव्हती. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेला हातात धरला. मग शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी, ग्रामण्य, प्रायश्चित्त. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे घेतले. बिस्किट म्हणजे नात्याने पावाचा धाकटा भाऊच. एवढ्या थोर माणसांची एवढी दोन वर्षे त्याने खाल्ली, त्या मानाने आपल्या आतड्यांना तो फार काही करत नाही, असेच म्हणावे लागेल.

आमच्या वऱ्हाडात हा सगळा गोंधळ उशिराने पोचला. १८५३ च्या तहाने निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि मग साहेब आला, साहेबाचा कॅम्प आला, कॅम्पमागे त्याचे खाणेपिणे आले. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत गेली, म्हणजे वाटेत अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा आलीच. इकडून कापसाच्या गठाणी मुंबईला जायच्या. त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी होऊन तिकडचा कापूस बंद पडला होता आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या दिवसांत मुंबईचे कापसाचे दलाल रात्र रात्र भावाची वाट पाहत बसत, त्यांच्यासाठी उरलेल्या भाज्या एकत्र ठेचून पावाबरोबर देत आणि तीच पावभाजी, अशी एक कथा मुंबईकर सांगतात. मला ती तितकीशी पटत नाही. इतक्या चवदार पदार्थाचा इतका सोयीस्कर जन्म होत नसतो. पण खरी असेलच तर पावभाजीतला कापूस आमचा होता, एवढे लिहून ठेवतो.

घरात मात्र ज्वारीचे राज्य. सकाळी रात्रीची भाकर आणि ठेचा, दुपारी भाकर आणि अंबाडीची भाजी, संध्याकाळी ज्वारीच्या कण्या. गहू सणावारी. गव्हाचे खरे वैभव दिसायचे ते रोडग्यांच्या कार्यक्रमात. जाड्याभरड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि त्यात तूप ओतायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. जेवण झाले की एकजात सगळी मंडळी लिंबाखाली आडवी, ती उन्हे कलल्यावरच उठायची. दिवसाढवळ्या पंचवीस धडधाकट माणसे एका पदार्थाने गारद होतात आणि तरी रोडगे प्रकृतीला वाईट, असे वऱ्हाडात कुणी म्हटलेले मी ऐकले नाही. दुसरे मांडे. त्यांना लागते सपीठ, तेही वस्त्रगाळ. कोंड्याचा कण दिसला की सुगरणीचे नाक गेले. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहवला, त्यातही मंडक आहेत आणि पोळ्याही. संस्कृतात बारीक चाळलेल्या गव्हाच्या पिठाला 'समिता' असा गोड शब्द आहे. म्हणजे गव्हाचा कोंडा काढून पांढरे पीठ खाणे ही साहेबाने लावलेली खोड नव्हे. आपल्याकडे ती राजाच्या ताटात होती. आपण तिला समिता म्हणत होतो तोवर ती पौष्टिक होती, मैदा म्हटल्यावर बिघडली.

आता आत्याविषयी सांगितले पाहिजे, कारण आमच्या घराण्याचे आरोग्यखाते तिच्याकडे होते. ती अंबापेठेत राहायची. तिच्या घरी डबलरोटीला बंदी. गल्लीच्या टोकाला एक बेकरी होती; सकाळी शाळेत जाताना तिचा वास यायचा आणि आत्या आमचे बोट घट्ट धरून पलीकडच्या बाजूने न्यायची. जणू वासानेही बाटायला होत होते. बेकरीवाल्या चाचांशी तिचे भांडण नव्हते. त्यांच्या बायकोशी ती तासन्‌तास बोलायची, लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडे जायच्या. फक्त त्यांच्या भट्टीतले काही खायचे नाही, एवढेच.

आणि मग माझ्या आतेभावाला मुदतीचा ताप आला. त्या काळी मुदतीचा ताप म्हणजे घर हादरायचे. शेजारच्या घरात दोन वर्षांपूर्वी त्याच तापाने एक मुलगी गेली होती. डॉक्टर आले, औषध लिहून दिले आणि म्हणाले, पोळी-भाकर बंद, दूध-डबलरोटी द्या. आत्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, दुसरं काही चालणार नाही का?" डॉक्टर म्हणाले, "बाई, पोरगा वाचवायचा ना? औषध म्हणून द्या." संपले. आत्या पदर खोचून निघाली ती थेट बेकरीच्या फळीपुढे. मी मागे मागे. चाचांनी गरम डबलरोटी उचललेली पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटले. पण पोराला ताप आहे हे कळताच त्यांनी ती परत ठेवली. म्हणाले, "बाई, तापाच्या पोराले ताजी द्या लागत नाही. जड जाते. कालची नेजा, अन् तव्यावर शेकून द्या." त्या दिवसापासून ते रोज एक डबलरोटी आदल्या दिवशीची बाजूला काढून ठेवायचे. आत्या गेली की आधी विचारायचे, "बुखार उतरला काय?" एकवीस दिवस हा क्रम चालला. बाविसाव्या दिवशी आतेभाऊ उठून बसला आणि त्याने भाकर मागितली.

एवढे झाल्यावर डबलरोटीवरची बंदी उठेल, अशी आम्हा मुलांची समजूत. कसची उठते! आत्याचे तर्कशास्त्र भक्कम होते. डबलरोटी हे आजाऱ्याचे खाणे; धडधाकट माणसाने खाल्ले तर तो आजारी पडेल. त्या वेळच्या मध्यमवर्गीय घरांत हाच कायदा होता. डबलरोटी दिसायची ती इर्विन इस्पितळात कुणाला पाहायला जाताना, पिशवीत मोसंब्यांच्या शेजारी. त्यामुळे चांगला पाव खायला मिळावा म्हणून आपल्याला निदान फ्लू तरी व्हावा, अशी प्रार्थना मी मारुतीला केल्याचे आठवते. पुढे दिवाळीत मात्र आत्या मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तुपाचा डबा घेऊन चाचांकडे नानकटाई भाजायला जाऊ लागली. स्टुलावर बसून राहायची आणि आपला मैदा दुसऱ्याच्या मैद्यात जात नाही ना, यावर नजर ठेवायची. भट्टी तीच, हात तेच. पण नानकटाई घरच्या सामानाची! सोवळ्याला पळवाट सामानातून निघते.

इकडे आखाड्यातल्या वस्तादांचे पावाशी वेगळेच वैर. पाव खाणाऱ्याचे अंग पावासारखे पोचट होते, हे त्यांचे निदान. अमरावतीला व्यायामाचे शास्त्र शिकवायला कुणी बाहेरचा लागत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथेच सुरू केले आणि १९३६ साली त्या मंडळाचा चमू बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. त्यांना तिथे भाकरी कोण थापून देणार होते? चांगली काळी, आंबूस जर्मन डबलरोटी खाऊनच त्यांनी मल्लखांब केला असणार, असा माझा आपला अंदाज. वस्तादांपुढे मी तो कधी बोलून दाखवला नाही.

साठच्या दशकात पावाच्या पत्रिकेतले ग्रह एकदम फिरले. देशात धान्य नव्हते. १९५६ पासून पी. एल. ४८० च्या कराराने अमेरिकेचा गहू येत होता. १९६५-६६ च्या दुष्काळात तर बोटी बंदराला लागल्या की धान्य थेट दुकानात, अशी अवस्था. गहू आला की त्याचे काहीतरी करायला हवे. १९६५ साली सरकारनेच मॉडर्न बेकरीज काढली. मेणकागदात गुंडाळलेला, यंत्राने कापलेला पाव, आणि त्यात जीवनसत्त्वे घातलेली! विहीर बाटवणारा पाव आता राष्ट्राचे पोषण करू लागला. आत्याने ते पुडके उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "हात नाही लागत म्हणता, तर मग मळतं कोण?" यंत्र, असे सांगितल्यावर ती थोडी नरमली. यंत्राला जात नसते. माझ्या मते मॉडर्न पाव मध्यमवर्गाच्या घरात शिरला तो जीवनसत्त्वांमुळे कमी आणि या कारणाने जास्त. सरकारची ती बेकरी २००० साली हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली. तोवर तिचे काम झाले होते. मुलांच्या डब्यात ब्रेड-जॅम आला होता आणि १९६६ पासून दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांचा वडापाव गाजू लागला होता. वैद्य आडनावाची माणसे प्रकृतीच्या इतिहासात कुठे कुठे भेटतात पाहा.

बरे, शास्त्र काय म्हणते? पांढऱ्या पावावर पहिला मोठा हल्ला केला अमेरिकेतल्या सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाच्या धर्मोपदेशकाने. कोंडा काढणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ, असे त्याचे म्हणणे. १८३७ साली बोस्टनला भटारी आणि खाटीक मिळून त्याच्या व्याख्यानावर चालून गेले. गांधीजींनाही मैदा मान्य नव्हता. जोहान्सबर्गला त्यांनी सात पौंड देऊन हाताने फिरवायचे जाते घेतले होते आणि पोलाक, मुले आणि ते स्वतः दळायला बसत. बॅरिस्टराने सात पौंडांचे जाते घेऊन घरी पीठ दळायचे, ही गोष्ट आत्याला फार आवडे. "पाहा, शिकलेला माणूस," म्हणे.

पण दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे, आणि तो मला विलक्षण वाटतो. महायुद्धानंतर जर्मनीत अनाथाश्रमांतली मुले अर्धपोटी होती. तिथे मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन या इंग्रज संशोधकांनी मुलांचे गट केले. कुणाला सबंध गव्हाचा पाव, कुणाला पांढरा, कुणाला मधला. जवळजवळ तीन चतुर्थांश पोषण पावातूनच, जोडीला भाज्या आणि थोडेसे दूध. संशोधकांना वाटत होते की पांढऱ्या पावाची मुले मागे पडणार. वर्षभराने वजने केली, उंच्या मोजल्या. सगळी मुले सारखीच वाढली होती. पोटभर खायला मिळाले होते, एवढाच त्याचा अर्थ. याच्या उलट गोष्ट हॉलंडची. काही मुलांचे पोट कशानेच ठीक होत नसे. विलेम डिके नावाच्या डॉक्टरला संशय होता की दोष गव्हाचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि गावभर माणसे खंगत असताना ही मुले सुधारली! पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. तेव्हा गहू काही थोड्यांना खरोखरच विष असतो, हे सिद्ध झाले. मात्र त्यांना आपली पोळी आणि रोडगेसुद्धा वर्ज्य, हे आपल्याकडचा पावविरोधक सोयीने गाळतो.

२०१६ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने पाव-बनचे ३८ नमुने तपासले आणि १०० पैकी ८४ या प्रमाणात त्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडले. पाव छान फुगावा म्हणून ते घालत. ब्रोमेटवर कर्करोगाचा संशय. बऱ्याच देशांनी त्यावर आधीच बंदी घातलेली. महिन्याभरात आपल्याकडेही बंदी आली. एवढ्या वर्षांत पावाविरुद्ध टिकलेली खरी फिर्याद ती ही. आणि तिच्यात आरोपी निघाला तो घालणारा.

राहिला मैदा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या कोष्टकात शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम चोथा आहे, कणकेत अकरा, मैद्यात जेमतेम पावणेतीन. मैदा आतड्यांना चिकटत बिकटत नाही. पुढे ढकलायला त्याच्यापाशी काही नसते, इतकेच. पांढरा पाव रक्तात साखर झपाट्याने चढवतो, हेही खरे. दोन कापांतून अर्ध्या ग्रॅमच्या वर मीठ जाते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. 'ब्राऊन' म्हणून घेतलेल्या पुडक्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत : जे वजनाने सर्वांत जास्त ते पहिले छापायचे, असा नियम आहे, आणि पहिले नाव पुष्कळदा मैद्याचेच असते. रंग कॅरॅमलचा.

मुदतीच्या तापातून उठलेला माझा आतेभाऊ आता सत्तरीच्या पुढे गेला. पंधरा वर्षांपूर्वी त्याला साखर निघाली. त्याने त्याच दिवशी पाव सोडला आणि ते सगळ्यांना सांगितले. सहा महिन्यांनी तपासले तर साखर जिथल्या तिथे. डॉक्टरांनी विचारले, पोळ्या किती? सहा. भात? थोडासा, दोनदा. भाकर? तो म्हणाला, "भाकर आता घरी होतच नाही, डॉक्टर." हे वाक्य मला त्या सगळ्या तपासण्यांपेक्षा गंभीर वाटले. ज्वारीच्या देशातल्या माणसाच्या ताटातून भाकर गेली आणि ती पावाने घालवली नाही. ती घालवली पोळीने. रेशनवर गहू मिळू लागला. पोळी म्हणजे सुधारलेले घर, भाकर म्हणजे खेडे, असे आपणच ठरवले. दर्यापूरकडच्या आमच्या वावरात त्याच सुमारास ज्वारी जाऊन सोयाबीन आले. ज्वारी पेरावी तर कणसावर पाखरे, खाली रानडुकरे, आणि कापायला माणूस नाही. २०२३ साली भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले तेव्हा ज्वारीची स्तुती करणारी पुष्कळ भाषणे झाली. त्यानंतर मी जे जेवण जेवलो त्यात ज्वारी नव्हती. सत्तर वर्षे आम्ही पुढच्या दारात पावावर काठी घेऊन उभे राहिलो, आणि मागच्या दाराने भाकर निघून गेली. आतेभाऊ आता चार पोळ्या आणि एक भाकर खातो. भाकर बाहेरून येते, चाळीस रुपयांना दोन.

आत्या नव्वदीच्या पुढे आहे आणि आरोग्यखाते अजून सोडलेले नाही. चाचा जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा नातू बेकरी चालवतो. त्याने गेल्या वर्षी काचेवर पाटी लावली : 'ज्वारीचा पाव मिळेल'. पाटी कुणीतरी आत्याला वाचून दाखवली. ती माझा हात धरून फळीपर्यंत गेली, पुडके हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "बाबू, यात ज्वारी किती रे?"

नातू आजोबांसारखाच सरळ. म्हणाला, "आजी, खोटं नाई सांगत. पाव हिस्सा. बाकी मैदा हाय. निव्वळ ज्वारी फुगतच नाही."

"ताजा आहे?"

"आत्ताच काढला."

"मग कालचा दे," आत्या म्हणाली.